माफी शोकोनेच का मागायची?

आपल्या वस्त्यांतल्या पोरापोरींच्या मोबाईलमध्ये गेल्या काही वर्षांत जपानी अ‍ॅनिमे आणि मंगा शिरले आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. (काही जण 'मांगा' असं लिहितात. मराठीत तसं लिहिल्यावर त्या शब्दाचं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, म्हणून मी मंगाच लिहिणार.) चळवळीतल्या काही ज्येष्ठांना ही चित्रांची पुस्तकं म्हणजे वेळेचा नास वाटतो. आधी बाबासाहेब वाचा, मग जपान बघा, असं ते म्हणतात. माझं म्हणणं एवढंच, की बाबासाहेब वाचलेली पोरं जपानही नीट वाचू शकतात. आणि आपण वाचलं नाही तर त्या गोष्टीचा अर्थ दुसरेच कोणी लावून मोकळे होतात. 'अ सायलेंट व्हॉइस'चं नेमकं हेच झालंय.

योशितोकी ओइमा या लेखिकेची ही मंगा. मूळ नाव 'कोए नो काताची', म्हणजे आवाजाचा आकार. २०१३ ते २०१४ या काळात ती साप्ताहिकात क्रमशः आली, तिचे सात खंड झाले, आणि २०१६ मध्ये नाओको यामादा यांनी तिच्यावर चित्रपट केला. आपल्याकडे बहुतेकांनी चित्रपटच पाहिलेला असतो. गोष्ट थोडक्यात अशी. सहावीच्या वर्गात शोको निशिमिया ही मुलगी नव्याने येते. तिला ऐकू येत नाही. पहिल्याच दिवशी ती एक वही पुढे करते: माझ्याशी बोलायचं असेल तर यात लिहा. वर्गातला शोया इशिदा नावाचा मुलगा तिच्या मागे लागतो. वही तळ्यात जाते, कानातली यंत्रं ओढून काढली जातात. पाच महिन्यांत आठ श्रवणयंत्रं मोडतात किंवा हरवतात, आणि हिशोब होतो १७ लाख येनचा. मुख्याध्यापक वर्गात येतात तेव्हा सगळा वर्ग एका इशिदाकडे बोट दाखवतो, आणि दुसऱ्या दिवसापासून इशिदाच वाळीत पडतो. पुढे पाच वर्षांनी तो शोकोला शोधत जातो. तिथून खरी गोष्ट सुरू होते.

इंटरनेटवर या कथेचं जे कौतुक चालतं त्याचा सूर एकच: किती सुंदर, क्षमेची गोष्ट, स्वतःला माफ करायला शिकवणारी गोष्ट, माणसामाणसांतला संवाद हरवल्याची गोष्ट. माझ्या ओळखीतल्या सवर्ण मित्रमैत्रिणी तर हा चित्रपट पाहून रडल्याचं हौसेने सांगतात. रडले कोणासाठी? इशिदासाठी. त्यांच्या लेखी ही एका वाया जाऊ पाहणाऱ्या चांगल्या मुलाची गोष्ट आहे, आणि शोको त्याला चांगलं व्हायला मदत करते. तिचं कामच ते.

मी संध्याकाळी वस्तीत एक अभ्यासिका चालवते. तिथे आठवीतल्या एका मुलीने हा चित्रपट मोबाईलवर दोनदा पाहिला आणि मला विचारलं, "ताई, हिने काहीच केलं नाही, मग ही सारखी सॉरी का म्हणते?"

कौतुकाचे हजारो शब्द एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे.

शोको खरंच सारखी माफी मागते. कोणी ढकललं तरी हसते, वही फेकली तरी हसते, भांडण झालं की आधी हिचेच हात माफीसाठी पुढे. इशिदा वाळीत पडल्यावर त्याच्या बाकावर रोज सकाळी खडूने शिव्या लिहिलेल्या असतात. त्या शिव्या शोकोच गुपचूप पुसत असते, आणि त्याला ते ती शाळा सोडून गेल्यावर कळतं. अख्ख्या सहावीच्या काळात ती एकदाच उलट हात उगारते, शाळा सोडण्याआधी इशिदाशी झालेल्या झटापटीत. मला ते पान फार आवडतं. पण त्याबद्दल कोणी कौतुकाने लिहिलेलं मी अजून वाचलेलं नाही.

ते हसू मला ओळखीचं आहे. मी पाचवी ते सातवीत असताना आमच्यासारख्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती मिळायची, महिना ६० रुपये, दहा महिन्यांचे ६००. पैसे यायचे त्या दिवशी वर्गशिक्षक यादी घेऊन यायचे आणि "सवलतीवाल्यांनी उभं राहा" म्हणायचे. आम्ही चार जणी उभ्या राहायचो. मागून कोणीतरी म्हणायचं, यांचं बरंय, फुकटचे पैसे. वर्ग हसायचा. सर यादीत डोकं घालून असायचे, पण कान तर उघडेच होते ना? आणि आम्ही चौघी काय करायचो? आम्हीही हसायचो. सही करताना "सॉरी सर, पेन नाही" म्हणायचो, पेन दप्तरात असलं तरी. कारण दप्तर उघडायला जागेवर जायचं म्हणजे पुन्हा सगळ्यांसमोरून जायचं. जागा अडवल्याबद्दल माफी मागत राहण्याची ती सवय अंगात कशी मुरते हे समाजशास्त्राच्या एम.ए.ला कोणी शिकवलं नाही. ओइमाने ते चार चौकटींत काढून दाखवलं आहे, आणि म्हणून मी ही मंगा सोडायला तयार नाही. भांडण आहे ते तिच्या वाचनाशी.

'संवादाचा अभाव' हा शब्दप्रयोग मला मुळातच संशयास्पद वाटतो. शोकोने पहिल्या दिवशी वही पुढे केली होती. संवादाची अख्खी सोय तिने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या हाताने आणली होती. एक बाई वर्गात येऊन सुचवतात, की रोज सकाळी काही मिनिटं सगळे खुणांची भाषा शिकू या. वर्ग कुरकुरतो: लिहून सांगणं सोपं आहे, आम्ही कशाला शिकायचं? साहारा नावाची एकच मुलगी हात वर करते. तिची इतकी टिंगल होते, की ती शाळेत यायचीच बंद होते. बहुसंख्यांनी स्वतःच्या सवयीत पाच मिनिटांचाही बदल करायला नकार दिला, आणि जिने होकार दिला तिला शिक्षा केली, याला अभाव कसं म्हणायचं? पुढे उएनो ही वर्गमैत्रीण जायंट व्हीलच्या पाळण्यात शोकोला समोर बसवून सुनावते: तू आलीस आणि आमच्या वर्गाचं वाटोळं झालं, तू आम्हाला समजून घेतलं नाहीस. हे वाचताना कोणाला हसू येईल, मला आलं नाही. "तुम्ही लोक आलात आणि वातावरण बिघडलं" हे वाक्य आपण होस्टेलमध्ये, कॉलेजात, ऑफिसात, सोसायटीत ऐकलेलं आहे. तिथेही अपेक्षा हीच असते, की समजून घ्यायचं ते आपणच.

आता शिक्षकाबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे.

ताकेउची नावाचे वर्गशिक्षक. महिनोन्महिने त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं चालू असतं. तोंडदेखलं रागावण्यापलीकडे ते काही करत नाहीत. आणि मुख्याध्यापक चौकशीला आले की हेच गृहस्थ सगळ्यांसमोर गरजतात, इशिदा, तूच आहेस, उभा राहा! एका क्षणात संपूर्ण शाळा स्वच्छ. मिकी कावाई ही मुलगी रडायला लागते, मी तर थांबवत होते म्हणते. हसणारे सगळे साक्षीदार होतात. आणि १७ लाख येन कोण भरतं? शाळा नाही, शिक्षक नाही. घरातच केस कापण्याचं दुकान चालवणारी, एकट्याने मुलं वाढवणारी इशिदाची आई. पुढे मंगात हे शिक्षक वर्षांनंतर पुन्हा भेटतात आणि त्यांच्या तोंडावर पश्चात्तापाची रेघही नसते. चित्रपटात मुलांनी मिळून सिनेमा बनवण्याचं उपकथानक गाळलं, त्यात हा भागही गेला. फक्त चित्रपट पाहिलेल्यांच्या लक्षात शिक्षक राहत नाहीत ते त्यामुळे. म्हणून मी अभ्यासिकेत सांगते, खंड मिळवून वाचा.

जपानमध्ये शाळेतल्या या छळाला 'इजिमे' म्हणतात आणि त्यावर तिथे भरपूर अभ्यास झालेला आहे. योजी मोरिता या समाजशास्त्रज्ञाने इजिमेचे चार थर सांगितले: ज्याचा छळ होतो तो, छळ करणारा, भोवती उभे राहून मजा घेणारे, आणि बघून न बघितल्यासारखं करणारे. त्याचं म्हणणं असं, की छळ किती वाढणार हे शेवटच्या दोन थरांवर ठरतं. कामाची मांडणी आहे. शोकोचा वर्ग तिच्यात चपखल बसतो. पण फळ्यासमोर उभा असलेला पाचवा माणूस या वर्तुळाच्या बाहेरच राहतो.

कायद्यातही तेच. २०११ मध्ये ओत्सु शहरात छळाला कंटाळून एका तेरा वर्षांच्या मुलाने जीव दिला. शाळेने आणि शिक्षण मंडळाने आधी हात झटकले, मग देशभर संताप उसळला, आणि जून २०१३ मध्ये इजिमेविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ही मंगा साप्ताहिकात सुरू झाली. (तिची पहिली छोटी आवृत्ती २००८ मध्ये नवोदितांचं बक्षीस मिळवूनही, विषय नाजूक म्हणून, वर्षं दोन वर्षं पडून होती. कर्णबधिरांच्या महासंघाला दाखवल्यावर २०११ मध्ये ती छापली गेली.) कायद्याची एक बाजू चांगली आहे: त्रास झाला की नाही हे ज्याला सोसावं लागलं त्याच्या वेदनेवरून ठरतं. पण व्याख्येत इजिमे म्हणजे एका विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्याला दिलेला त्रास. शिक्षकावर कर्तव्यं टाकली आहेत, व्याख्येत तो नाही. म्हणजे ताकेउची सर कायद्याच्या भाषेतही फळ्यासमोर सुरक्षित उभे.

आपल्याकडे 'बुलिंग' हा शब्द आता घरोघर पोचला आहे. शाळांत त्यावर पोस्टर लागतात, समुपदेशक येतात. माझी अडचण ही, की हा शब्द नेमकं तेच करतो जे त्या मुख्याध्यापकांच्या भेटीने केलं. एक वाईट मुलगा शोधायचा, त्याला उभं करायचं, बाकी शाळा स्वच्छ. बाबासाहेबांनी आपल्या लहानपणाबद्दल लिहिलं आहे ते आठवा. बसायला घरून आणलेलं गोणपाट, ते संध्याकाळी परत घरी न्यायचं, आणि शिपाई नसला तर दिवसभर पाणी नाही. यात बुली कोण आहे? कोणत्या मुलाने खोडी काढली? कोणीच नाही. सगळे शिस्तीत वागत होते. नियमच तसा होता. डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये मुंबईत गेल्या. गुन्हा नोंदवताना रॅगिंगविरोधी कायद्याबरोबर अ‍ॅट्रॉसिटीही लागली, तरी बचाव आला तो कामाच्या ताणाचा, आणि बाहेर चर्चा रंगली की सीनियर-ज्युनियर हे सगळीकडेच असतं. सगळीकडे असतं तर मग कोणाच्याच जातीबद्दल कोणी बोलू नये. बरी सोय आहे.

इथे आपल्या पोरांशी थोडं भांडायचं आहे. अभ्यासिकेतली मोठी मुलं मला सांगतात, "ताई, आपण शोको नाही, आपण इशिदासारखे आहोत." कारण काय, तर इशिदाला वर्गातल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर निळी फुली दिसते, तो कोणाच्या डोळ्यात बघू शकत नाही, एकटा जेवतो, जीव द्यायच्या विचारापर्यंत जातो. कॉलेजच्या पहिल्या वर्षात त्यांनी हेच भोगलं आहे. कॅन्टीनमध्ये कोणाच्या टेबलावर बसायचं हे ठरवण्यात सुट्टी संपते. रँक विचारली की आपण कोणत्या यादीतून आलो हेच विचारलंय हे कळतं. ती फुली मलाही माहीत आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही. वाळीत टाकणं म्हणजे काय हे इशिदाच्या पानांवर जितकं कळतं तितकं मोठमोठ्या प्रबंधांतून कळत नाही. पण मित्रांनो, एक फरक पाहा. इशिदाच्या अंगावर जे आलं त्याच्या मागे त्याने केलेली काहीतरी गोष्ट होती, आणि म्हणून त्याच्याकडे एक वाटही होती: जा, शोध, वही परत दे, खुणांची भाषा शीक, कष्टाने पैसे जमवून आईला परत कर. तो हे सगळं करतो, आणि म्हणून मला तो आवडतो. तुम्ही काय केलं होतं? तुम्ही कोणती वही परत देणार आहात? नायकाचं एकटेपण आपलंसं वाटलं म्हणून त्याचा अपराधगंडही खांद्यावर घ्यायची गरज नाही. आपल्या पोरांमध्ये हा गंड आधीच खूप आहे. आईवडिलांचे पैसे खर्च झाले, सवलत घेतली, सिद्ध करून दाखवलं पाहिजे. शोको शेवटी त्या जायंट व्हीलमध्ये काय सांगते? मला माझाच तिटकारा आहे. ही मंगातली सगळ्यात भीषण जागा आहे आणि ती कोणाच्याही दुष्टपणाहून भीषण आहे. कारण तिथपर्यंत तिला पोचवणारे सगळे हात आता रिकामे आणि निर्दोष आहेत.

कोणी म्हणेल, जपानी संस्कृतीच नम्रतेची, तिथे माफी मागणं म्हणजे रीत, तुम्ही उगाच अर्थ काढता. ठीक आहे, जपानचंच उदाहरण घेऊ. जपानमध्येही जन्मावरून अस्पृश्य मानलेला समाज आहे, बुराकुमिन. १८७१ च्या फर्मानाने त्यांचा हीन दर्जा कागदावर संपला, व्यवहारात नाही. १९०६ मध्ये शिमाझाकी तोसोनची 'हाकाई' ही कादंबरी आली. तिचा नायक उशिमात्सु शाळामास्तर आहे. जात कोणाला सांगू नकोस अशी त्याला बापाची ताकीद. शेवटी तो स्वतःच्या वर्गात उभा राहून आपली जात सांगतो, आणि ती लपवल्याबद्दल विद्यार्थ्यांसमोर जमिनीवर डोकं टेकून माफी मागतो. मग देश सोडून निघतो. म्हणजे पुन्हा वर्ग, पुन्हा फळा, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच मागितलेली माफी. वाचकांनी तेव्हाही डोळे पुसले असतील.

सोळा वर्षांनी, ३ मार्च १९२२ रोजी, क्योतोमध्ये बुराकु समाजाने सुइहेइशा ही स्वतःची संघटना उभी केली. तिने पहिल्याच अधिवेशनात ठरवलं, की जो कोणी शब्दाने वा कृतीने आमचा अपमान करेल त्याला आम्ही जाब विचारू. या पद्धतीला 'क्यूदान' म्हणतात. अपमान करणाऱ्याला समोर बसवायचं, त्याने काय म्हटलं आणि का म्हटलं हे त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, आणि जाहीर माफी घ्यायची. यात अतिरेक झाले अशी टीका तिथे होत आली आहे. झालेही असतील. पण माफीची दिशा बदलली. जमिनीवर टेकलेलं डोकं वर आलं आणि समोरच्याला म्हणालं, आता तू बोल. जपानी संस्कृती म्हणजे फक्त शोकोचे जोडलेले हात नव्हेत, ती सुइहेइशाही आहे. आपल्या पोरांना जपान आवडतो ना? मग हाही जपान माहीत असू दे.

राहिला आपल्यातलाच एक आक्षेप. आपण बौद्ध आहोत, मैत्री-करुणा मानतो, बुद्धाने तर अंगुलिमालालाही जवळ केलं, मग क्षमेच्या गोष्टीला नाकं का मुरडायची? मज्झिम निकायातलं अंगुलिमाल सुत्त नीट वाचा. आधी अंगुलिमालाने शस्त्र टाकलं. नंतर भिक्खू होऊन भिक्षेला गेल्यावर लोकांनी मारलेल्या ढेकळांनी त्याचं डोकं फुटलं, पात्र फुटलं, चीवर फाटलं. तो रक्तबंबाळ होऊन आला तेव्हा बुद्ध त्याला म्हणाले, सोस, हे तुझ्या कर्माचं फळ आहे. ज्यांची माणसं मेली त्यांना बोलावून तुम्ही याची माफी मागा, याला बरं वाटेल, असं काही बुद्धाने सांगितलं नाही. करुणेचा भार जखमी माणसावर टाकणारी करुणा सुत्तात नाही. ती आपल्याला शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासाला शिकवलेली आहे.

त्या आठवीतल्या मुलीच्या प्रश्नानंतर अभ्यासिकेत बरीच चर्चा झाली, आणि चर्चेतून एक काम निघालं. मुलींनी सांगितलं, की त्यांच्या शाळेत अजूनही सवलतीच्या अर्जांची नावं भर वर्गात, जातीच्या रकान्यासकट वाचली जातात आणि कागद कमी असलेल्यांना उभं करतात. आम्ही पालकांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं: नावं वर्गात वाचू नयेत, कागदपत्रांचं काम कार्यालयात व्हावं, आणि आजवर ज्यांनी वाचली त्यांनी त्याच वर्गात दिलगिरी व्यक्त करावी. तिसऱ्या मागणीवर दोन पालक बिचकले, सर डूख धरतील म्हणाले. मुली ऐकेनात. ती ठेवली.

मुख्याध्यापकांनी निवेदन वाचलं आणि म्हणाले, "इतक्या वर्षांत कोणाची तक्रार नव्हती."

आम्ही म्हटलं, "आता आहे. पोच द्या, आवक क्रमांक टाकून."

पोच मिळाली आहे. उत्तर यायचं आहे.